शेवाळाला उतारा किती?

या लेखाची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर झाली. गच्चीवर सिमेंटची एक जुनी टाकी आहे. वापरात नाही, झाकण कधीच उडालेलं, पावसाचं आणि ओव्हरफ्लोचं पाणी त्यात साठतं. एप्रिलमध्ये ती टाकी अशी हिरवीगार झाली की वरून पाहणाऱ्याला लॉन वाटावं! मेसचे मामा म्हणाले, "डास होतील, धुऊन काढा." आणि ते पवित्र कार्य माझ्या आणि माझ्या रूम पार्टनरच्या गळ्यात पडलं.

नेमकं त्याच आठवड्यात सेमिनारच्या विषयांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. कुणाला सोलर कुकर, कुणाला हायब्रिड कार. माझ्या चिठ्ठीत निघालं 'शेवाळापासून इथेनॉल'. मी मेकॅनिकलचा. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. पण टाकी धुताना वाटलं, विषय स्वतः चालत आलाय तर एक बादली बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

बादलीतलं शेवाळ रात्रभर खाली बसू दिलं, वरचं पाणी ओतून दिलं आणि उरलेला हिरवा गाळ दोन बाटल्यांत सारखा वाटला. दोन्हींत स्वच्छ पाणी भरलं. एका बाटलीत चिमूटभर युरिया आणि डी.ए.पी. टाकलं, दुसरीत काहीच नाही. आठ दिवस दोन्ही बाटल्या खिडकीत. सोलापूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं सांगायला नको. रूम पार्टनर रोज विचारायचा, "काय बे, आता शेवाळ पाळतोस काय?"

आठ दिवसांनी खत घातलेली बाटली गडद हिरवी झाली होती. उपाशी बाटली फिकट, पिवळसर. दोन्हींतला थोडा गाळ घेऊन, हिरवा रंग निघून जावा म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये धुतला (ज्योत लांब ठेवा रे, स्पिरिट आहे ते!) आणि केमिस्ट्री लॅबमधून मागून आणलेल्या आयोडीनचा एकेक थेंब टाकला. खात्यापित्या घरचं शेवाळ तपकिरीच राहिलं. उपाशी शेवाळ मात्र काळंनिळं झालं. म्हणजे स्टार्च! उपाशी पोटी याने कोठार भरलं होतं.

एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला सर सांगण्याआधीच कळत होतं. पण पुस्तकं उघडल्यावर दिसलं की ही गोष्ट जगभर माहीत आहे. क्लोरेला, क्लॅमिडोमोनास अशा एकपेशीय हिरव्या शेवाळाचा नायट्रोजन किंवा गंधक तोडलं की त्याच्या कोरड्या वजनात स्टार्चचा वाटा निम्म्याच्या आसपासही जाऊ शकतो.

रात्री घरी फोन लावला. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, दीड एकर ऊस आहे. आबांना गंमत म्हणून हे सांगितलं. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. तर ते म्हणाले, "त्यात काय? उसागतच की. शेवटाला युरिया दिला की ऊस हिरवागार दिसतोय, पण उतारा घटतोय. वाढ थांबल्याबिगर साखर भरत न्हाई."

झालं! माझ्या सेमिनारची पहिली तीन पानं आबांनी दोन वाक्यांत उरकली.

त्याचं कारण असं. सूर्यप्रकाशात पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेचे छोटे तुकडे बनवते. या कार्बनला दोन वाटा असतात. एक वाट प्रथिनं, नवीन पेशी, म्हणजे वाढीकडे जाते. दुसरी कोठाराकडे. हिरव्या शेवाळात कोठार म्हणजे स्टार्चचे दाणे, आणि ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो (खरं तर ते जिवाणू, सायनोबॅक्टेरिया) त्यात ग्लायकोजेन. प्रथिनांना नायट्रोजन लागतो. नायट्रोजनच नाही तर पेशी दुभागणार कशी? पण ऊन तर पडतंच आहे, कार्बन येतोच आहे. मग तो कोठारात. आपल्याकडे पूर्वी सुगीनंतर ज्वारी पेवात घालायचे, तसं.

आता तुम्ही म्हणाल, मग उपाशी ठेवा आणि स्टार्च काढा, त्यात जेनेटिक इंजिनिअरिंग कशाला? इथेच खरी मेख आहे. समजा चांगल्या वाढीचं शेवाळ एका चौरस मीटरमागे दिवसाला २० ग्रॅम तयार होतं आणि त्यात स्टार्च २० टक्के. मिळाला ४ ग्रॅम. उपाशी शेवाळात स्टार्च ५० टक्के, पण वाढ उतरली ६ ग्रॅमवर. मिळाला ३ ग्रॅम. टक्केवारी अडीचपट आणि माल कमी! आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण घोळ अगदी असाच होतो. कारखान्यावर उतारा बारा टक्के आणि ऊस मात्र अर्धाच, तर त्या उताऱ्याचं कौतुक कोण करणार? या विषयातले बरेच लेख फक्त टक्केवारी छापतात आणि दर दिवसाचा हिशेब देत नाहीत, हे माझं वाचताना झालेलं मत.

तेव्हा प्रश्न असा: वाढ न थांबवता कोठार भरता येईल का? पेशीला हे पटत नाही, कारण तिला इथेनॉल बनवायचं नाही, जगायचं आहे. तिचे नियम तिने स्वतःसाठी केलेत. ते नियम बदलायचे तर जीनपर्यंत जावं लागतं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगतो. कोठाराच्या तोंडाशी एक कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. त्याचं नाव ए.डी.पी.-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज. (नाव घेताना माझी सेमिनारमध्ये दोनदा बोबडी वळली, पुढे नुसता व्हॉल्व्ह म्हणतो.) हे एक एन्झाइम. स्टार्च असो की ग्लायकोजेन, दोन्हीकडचा माल याच्यातूनच जातो. प्रकाशसंश्लेषण जोरात असलं की त्यातून निघणारा एक तीन कार्बनी रेणू या व्हॉल्व्हला उघडतो. पेशीत मोकळं फॉस्फेट वाढलं, म्हणजे ऊर्जेची चणचण आली, की तोच व्हॉल्व्ह बंद होतो. अगदी फीडबॅक कंट्रोल.

मग पहिली सरळ आयडिया काय सुचेल? व्हॉल्व्ह उघडाच ठेवा! हे शेवाळाआधी बटाट्यात करून झालंय. ई. कोलाय या जिवाणूत या एन्झाइमचा एक बिघडलेला नमुना मिळाला होता, जो नियंत्रणाला नीट दाद देत नाही. त्याचा जीन बटाट्यात घातला आणि १९९२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निकाल आला: कंदातला स्टार्च सरासरी ३५ टक्क्यांनी वाढला. पण १९९६ मध्ये दुसऱ्या गटाने दुसऱ्या वाणाच्या बटाट्यात असाच प्रयोग केला, तेव्हा व्हॉल्व्हमधून माल जास्त जात होता, तरी कोठारातला साठा वाढला नव्हता. कारण? स्टार्च बनण्याचा वेग वाढला तसा मोडण्याचाही वाढला. वरून मोटर चालू आणि खाली नळ उघडा. आमच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये हा प्रयोग रोज सकाळी चालतो.

म्हणजे फक्त इनलेट पाहून भागत नाही, आउटलेटही पाहायला हवं. इथे क्लॅमिडोमोनास हे शेवाळ फार उपयोगी पडलं. त्याच्या पेशीत डी.एन.ए.चे तुकडे घुसवले की ते जीनोममध्ये कुठेही जाऊन बसतात आणि ज्या जीनवर बसतील तो बंद पाडतात. अशा हजारो वेगवेगळ्या पेशींच्या वसाहती प्लेटवर वाढवायच्या आणि त्यांना आयोडीनची वाफ द्यायची. काळ्यानिळ्या झालेल्यांत स्टार्च आहे, पिवळ्या राहिलेल्यांत नाही. फ्रान्समधल्या लील इथल्या स्टीव्हन बॉल यांच्या गटाने याच पद्धतीने स्टार्चचे कितीतरी जीन शोधून काढले. हे वाचलं तेव्हा मला माझ्या दोन बाटल्यांचा फार अभिमान वाटला. आयोडीन तेच, फरक फक्त डोक्याचा!

अशाच शोधात एक असा प्रकार सापडला की जो उपासमार संपली तरी साठवलेला स्टार्च मोडायला तयार नाही. २०१६ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. त्याच्यातला एक नियंत्रक जीन बिघडलेला होता, आणि त्यामुळे त्यात स्टार्चही भरमसाट साठला आणि तेलही. त्याआधी २०१० मध्ये आणखी एक निकाल आला होता. स्टार्च बनवूच न शकणाऱ्या शेवाळाला त्याचा हरवलेला जीन परत दिला, तर काही वंशांत स्टार्च मूळ शेवाळापेक्षाही जास्त झाला. हे मला फार आवडलं. बाहेरचा जीन नाही, स्वतःचाच, पण त्याच्यावरचा लगाम बदललेला.

तेलाच्या बाबतीत सर्वांत मोठी बातमी २०१७ ची. एक्सॉनच्या पैशावर सिंथेटिक जिनॉमिक्स या कंपनीने नॅनोक्लोरोप्सिस नावाच्या शेवाळात एका नियंत्रक जीनचा आवाज कमी केला. पूर्ण बंद नाही, नुसता कमी. तेलाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ४० च्या वर गेलं आणि वाढ फारशी घटली नाही. जीन पूर्ण बंद केल्यावर मात्र वाढ खालावत होती. पुढे २०२३ मध्ये एक्सॉनने शेवाळाच्या कामातून अंग काढून घेतलं. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

आता मला सर्वांत हुशार वाटलेली युक्ती. ती म्हणते, कोठार मोठं करूच नका, माल बाहेर काढा! साइनेकोकॉकस नावाच्या सायनोबॅक्टेरियाला खारट पाण्यात ठेवलं तर तो आतला दाब सांभाळायला सुक्रोज बनवतो. सुक्रोज म्हणजे आपली रोजची साखर, आबांच्या उसात असते तीच. २०१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल डुकॅट आणि सहकाऱ्यांनी त्याच्यात ई. कोलायचा एक वाहक जीन बसवला, म्हणजे पेशीच्या भिंतीला साखरेसाठी दार केलं. साखर पाण्यात येऊ लागली. पण गंमत पुढेच आहे. साखर बाहेर जाऊ लागल्यावर पेशींचं प्रकाशसंश्लेषणही वाढलं. गोडाऊन भरलं की कारखाना मंदावतो, उचल सुरू झाली की पुन्हा तिन्ही पाळ्या चालू. पेशीत ताकद आधीच होती, तिला गिऱ्हाईक नव्हतं इतकंच.

इथवर सगळं परदेशातलं झालं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय? आपल्याकडे पवईचा तलाव आहे.

आय.आय.टी. मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक प्रमोद वांगीकर यांच्या गटाने त्यांच्या कॅम्पसला लागून असलेल्या पवई तलावातून साइनेकोकॉकसचा एक नवा वंश वेगळा केला. २०१८ मध्ये तो 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पॅरिसच्या पाश्चर संग्रहात त्याला क्रमांक मिळाला, पी.सी.सी. ११८०१. अनुकूल परिस्थितीत तो २.३ तासांत दुप्पट होतो, तेही साध्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर. वेगासाठी जगात गाजलेला दुसरा वंश टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका ओढ्यातून १९५० च्या दशकात काढलेला. त्याचा विक्रम दोन तासांच्याही आतला, पण त्याला वेगळा कार्बन डायऑक्साइड पुरवावा लागला होता. पवईवाला ऊन, उष्णता आणि मीठही चांगलं सोसतो, आणि त्याचा जीनोम त्या नातेवाइकांशी सुमारे ८३ टक्केच जुळतो. म्हणजे भाऊ नव्हे, लांबचा चुलत.

या वंशात स्टार्च वाढवलाय असं मी म्हणत नाही. त्याच गटाने २०२० मध्ये त्याच्यात जीन बदलून सक्सिनिक आम्ल तयार करून दाखवलं, पाच दिवसांत लिटरमागे एक ग्रॅमच्या जवळपास. आम्ल वेगळं, साखर वेगळी. पण दोन्हीकडे काम तेच आहे: पकडलेला कार्बन आपल्याला हव्या त्या वाटेने वळवायचा. आणि त्यासाठी आधी तगडा बैल लागतो, नांगर मागाहून. आमच्या तालुक्यातलं उदाहरण देतो. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्राने इथल्याच स्थानिक ज्वारीतून निवडून काढली. बाहेरून आणलेल्या वाणाला आपल्या मातीची सवय लावत बसण्यापेक्षा, सवय असलेलाच शोधा. उजनीच्या फुगवट्यात, हिप्परग्याच्या किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठावर असा कुणी आहे का, हे बघायला मायक्रोस्कोप आणि चिकाटी लागते, परदेशी ग्रँट नाही. (बायोटेकवाले मित्रहो, ऐकताय ना?)

सेमिनारमध्ये एवढं सांगून झाल्यावर टाळ्या पडल्या. फोनवर आबांना सांगितलं तर टाळ्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "पाणी किती लागतंय?"

मग कागद घेऊन बसलो. तुम्हीही बसा.

एक हेक्टरचं उथळ, उघडं तळं. चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम, वर्षात ३०० दिवस. म्हणजे ४५ टन कोरडं शेवाळ. जीनच्या करामतीने, वाढ न घटवता, स्टार्च ४० टक्के आणला असं धरू (हे धरणंच मोठं आहे). १८ टन स्टार्च. एक किलो स्टार्चपासून कागदावर ०.७२ लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे जवळजवळ १३,००० लिटर, त्यातले नुकसानीचे वजा करून १०,००० धरा. उसाचं पाहू. हेक्टरी १०० टन चांगला ऊस, टनाला थेट रसापासून ७० लिटर. म्हणजे ७,००० लिटर. तर शेवाळ दीडपटीच्या आत-बाहेर. वर्तमानपत्रात छापतात तसं वीसपट-तीसपट काही नाही.

आता पाणी. उघड्या तळ्यावरून दिवसाला सरासरी ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, आणि सोलापूरला हा अंदाज जास्त नाही, तर एका हेक्टरमागे रोज ६०,००० लिटर उडून जातात. दहा हजारी टँकर सहा. रोज! वर्षाचे झाले सुमारे २,२०० मिलिमीटर, साधारण पाटपाण्यावरच्या उसाइतकेच. आणि आपल्याकडे पाऊस पडतो साडेपाचशे-सहाशे. ज्या शहराने वर्षानुवर्षं नळाला चार-चार दिवसांआड पाणी पाहिलंय, तिथे हा आकडा बोलून दाखवायलाही धीर लागतो. म्हणून मीठ सोसणारा वंश महत्त्वाचा. क्षारामुळे पिकाला न चालणारं विहिरीचं पाणी किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्याला चाललं, तरच इथे या गोष्टीला अर्थ आहे. नाहीतर हा सगळा उद्योग समुद्रकाठच्यांनी करावा.

दुसरी अडचण काढणीची. तळ्यात लिटरमागे शेवाळ साधारण अर्धा ग्रॅम. एक किलो मिळवायला २,००० लिटर पाणी गाळायचं. वरच्या हेक्टरला रोज १५० किलो, म्हणजे तीन लाख लिटर! पंप आणि सेंट्रिफ्यूज फिरवून निघालेलं इथेनॉल त्याच पंपाच्या डिझेलला पुरेल की नाही अशी स्थिती. मोठमोठ्या कंपन्या इंधनाच्या या स्वप्नातून मागे आल्या त्याचं कारण जीनमध्ये कमी आणि या आकड्यांत जास्त आहे, असं मला वाटतं. साखर पाण्यात सोडणारी युक्ती इथे भाव खाऊन जाते, कारण पेशी काढायचीच गरज नाही. पण गोड पाणी उघड्यावर ठेवलं तर काय होतं ते रसवंतीवाल्याला विचारा. इतर जिवाणू आधी जेवून जातात.

जमेच्या बाजूला एक गोष्ट नक्की आहे. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची कमी नाही, आणि डिस्टिलरीत एक किलो इथेनॉलमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. एक किलो शेवाळ वाढताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खातं. पाइप जोडायचा फक्त. शिवाय एन.टी.पी.सी.ची १,३२० मेगावॅटची चिमणी आहेच, पण तिचा वायू आधी धुवावा लागेल.

आणि परवानगी? जीन बदललेलं शेवाळ उघड्या तळ्यात सोडणं म्हणजे बी.टी. कापसाच्याच कायद्याखाली येणं, पर्यावरण कायद्याचे १९८९ चे नियम आणि दिल्लीची जी.ई.ए.सी. भीती अगदीच फुकाची नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठाने आणि सॅफायर एनर्जीने सरकारी मंजुरीने ५० दिवस असं शेवाळ उघड्यावर वाढवून पाहिलं. २०१७ मध्ये निकाल छापला. शेवाळ हवेतून आजूबाजूच्या पाण्यापर्यंत पोचलं खरं, पण तिथल्या स्थानिक शेवाळाला त्याने हरवलं नाही. माझं विचाराल तर एका चाचणीवर उजनीसारख्या पिण्याच्या पाण्याजवळ कुणी असं तळं करू नये. बंद नळ्यांत वाढवा, खर्च वाढला तर वाढू दे.

हा सगळा हिशेब मी आबांना सुट्टीत घरी गेल्यावर वहीवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले. म्हणाले, "पानी उसाएवढंच. बरं, पर खुरपनी तर न्हाई ना?"

मी म्हटलं, "आहे आबा. आपल्या शेवाळात दुसरं शेवाळ उगवतं, आणि ते डोळ्याला दिसतच नाही."

"मग आपला ऊस बरा," असं म्हणून त्यांनी वही परत दिली आणि मोटर चालू करायला गेले. लाइट रात्री दहाला येणार होती, ती त्या दिवशी लवकर आली होती.